लक्ष्मीकोठीची दुसरी किल्ली

नाना फडणवीसांनी लोहगडाच्या दरवाजांचं काम 1 नोव्हेंबर 1790 रोजी सुरू केलं आणि ते 11 जून 1794 रोजी पुरं झालं. साडेतीन वर्षांहून अधिक काळ. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा असे चार दरवाजे, एकामागून एक, नागमोडी वाटेवर. एका दरवाजातून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या माऱ्यात आलाच पाहिजे अशी रचना. पुण्यात उद्या कुणाचं पारडं जड होईल याचा भरवसा नसलेल्या मुत्सद्द्यानं आपला पैसा ठेवायला निवडलेली ही जागा. त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी, 1664 मध्ये, सुरतेहून आलेली संपत्ती नेताजी पालकरांनी याच गडावर आणून ठेवली होती असं सांगतात. गडमाथ्यावर खडकात खोदलेल्या खोल्यांना आजही लक्ष्मीकोठी म्हणतात. मावळात तिजोरी शोधायची तर इतकी जातिवंत तिजोरी दुसरी नाही.

या प्रकरणात आपल्याला ती फोडायची आहे. कागदावर.

इंटरॅक्टिव्ह फिक्शन नावाचा खेळाचा एक प्रकार आहे. चित्रं नाहीत, बंदुकांचे आवाज नाहीत. पडद्यावर चार ओळी उमटतात, तुम्ही काय करणार ते सांगता, मग पुढच्या चार ओळी. मी त्याला आपला 'वाचायचा खेळ' म्हणतो. यात दोन पंथ आहेत. एकात हुकूम टाइप करायचा: मशाल घे, दार उघड. दुसऱ्यात समोर दिलेल्या पर्यायांपैकी एकावर बोट ठेवायचं. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे 'ॲडव्हेंचर'. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रॅमर हौशी गुहा-धुंडाळ्या होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हचा एक भाग त्यानं 1976 च्या सुमारास शब्दांत उतरवला. पुढच्या वर्षी डॉन वुड्सनं त्यात भर घातली. गुहेतला खजिना वेचून बाहेरच्या घरात आणायचा आणि वाटेत एक चाचा येऊन तुमचाच माल लांबवणार, असा तो मामला. (कार्ले, भाजे आणि बेडसे अशी तीन-तीन लेणी पायथ्याशी असलेल्या मुलखात हा खेळ कुणाला सुचला नाही याचं मला वाईट वाटतं.) त्याच्यावरून सुचलेल्या 'झॉर्क'मध्ये तर एक पक्का चोर वावरतो. त्यात एक रत्नजडित अंडं आहे. ते तुम्ही स्वतः उघडायला गेलात की मोडतं. ते चोराच्याच हाती लागू द्यावं लागतं, कारण नाजूक कुलपांची कला त्याच्याकडे. खेळाडूंनी या चोराला मनसोक्त शिव्या घातल्या आणि त्या खेळातलं सगळ्यांत जास्त लक्षात ठेवलं तेही त्यालाच.

चोरी या खेळांच्या रक्तातच आहे, असं म्हणायला हरकत नाही. आणि छोट्या खेळाला तर चोरीसारखा विषय नाही: एक जागा, एक रात्र, एक वस्तू. 1995 पासून दरवर्षी या खेळांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे परीक्षक कुणीही होऊ शकतं; किमान पाच खेळ खेळायचे, प्रत्येकाला एक ते दहा गुण द्यायचे, आणि गुण ठरवायचे ते पहिल्या दोन तासांच्या खेळावरून. साहजिकच लेखक आटोपशीर खेळ लिहितात. 2018 साली जे. जे. गेस्टच्या 'एलियस द मॅगपाय'नं पहिला क्रमांक पटकावला. त्याचा नायक बड्या घरात वेश पालटून शिरलेला सभ्य चोर आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या पिढीला त्याची ओळख करून द्यायला नको.

अशा खेळांबद्दल खेळाडू काय बोलतात ते मी बरेच दिवस वाचत होतो. शेवटी स्वतःच एक रचला आणि लोहगडवाडीत, पाऊस थांबेना म्हणून अडकलेल्या एका दुपारी, तोंडी खेळवला. संगणक मीच. नियम एवढाच की समोरच्यानं काय करायचं ते सांगावं, मी परिणाम सांगावा, आणि मला न समजलेल्या हुकुमाला 'तसं करता येत नाही' असं निर्विकार उत्तर द्यावं. खेळाडू चौघे: इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा, त्याची वर्गमैत्रीण, तळेगावचे एक निवृत्त बँक कॅशियर काका, आणि ज्यांच्या ओसरीवर आम्ही पिठलं-भाकरीची वाट पाहत होतो त्या मावशी. मावशी खेळणार नव्हत्या. त्या फक्त ऐकत होत्या.

खेळाचा काळ नानांच्या मृत्यूनंतरचा. 1800 च्या मार्चमध्ये ते वारले. गड त्यांच्या विश्वासातल्या धोंडोपंत नित्सुऱ्यांच्या ताब्यात, नानांची पत्नी जिऊबाई गडाच्या आश्रयाला, आणि पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा डोळा त्या पैशावर. इथवर इतिहास. पुढचं माझं: खेळाडू म्हणजे गडावर लाकूडफाटा पोचवणारा एक इसम, त्याला बाजीरावाच्या माणसानं फितवलेलं. आषाढी अमावास्येच्या रात्री चार दरवाजे पार करायचे, कोठी उघडायची, पेटी उचलायची आणि विंचूकाट्यावरून, म्हणजे गडाच्या त्या नांगीसारख्या लांब सोंडेवरून, उतरून पसार व्हायचं.

पहिली अडचण गडावर नव्हे, व्याकरणात आली. इंग्रजी खेळ खेळाडूला एकाच शब्दात संबोधतो आणि मोकळा होतो. मराठीत 'तू दारापाशी आलास' म्हणालो तर भाचा खूश, त्याची मैत्रीण नाही. 'आलीस' म्हणालो तर उलट. सुटका 'तुम्ही आलात' मध्ये आहे. तिथे बाई-पुरुष कळत नाही. पण मध्यरात्री चोराच्या कानात त्याचा साथीदार 'तुम्ही' म्हणेल का? मग मी वर्तमानाचा आडोसा घेतला: तू दारापाशी आहेस, समोर अंधार आहे. हुकूम टाइप करायचा खेळ मराठीत करायचा तर याहून मोठं दुखणं वाट पाहतंय. 'ॲडव्हेंचर' शब्दाची पहिली पाच अक्षरं पाही आणि काम भागवी. आपलं कुलूप विभक्ती लागताच 'कुलपाला' होतं, 'लू'चा 'ल' होतो, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटतं ही दुसरीच कुठली वस्तू. दरवाजा, दरवाजाला, दरवाज्याला. लोक तिन्ही लिहितात. मराठी वाचायच्या खेळाला बुद्धीआधी सामान्यरूप शिकवावं लागेल. म्हणूनच मराठीत सुरुवात करणाऱ्यानं पर्याय निवडण्याचा पंथ धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. भाचा पहिला उठला आणि नारायण दरवाजात मेला.

त्याची तक्रार रास्त होती. दुसऱ्या प्रहरानंतर पहारा दुप्पट होतो हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. 'मला कळायला मार्गच नव्हता,' तो म्हणाला. वाचायच्या खेळांबद्दलची ही सगळ्यांत जुनी तक्रार. ग्रॅहॅम नेल्सन या इंग्रज गणितज्ञ-कवीनं, ज्याच्या 'इन्फॉर्म' या साधनावर असे असंख्य खेळ उभे राहिले, खेळाडूच्या हक्कांची एक सनदच लिहिली होती. त्यातला पहिला हक्क: पूर्वसूचनेशिवाय मारलं जाऊ नये. मरणाला ना नाही. खेळाडूला मागे वळून 'अरे, हे दिसत होतं की' असं म्हणता आलं पाहिजे. मी पहाऱ्याची सूचना आधीच्या दरवाजात पेरली, भाचा पुन्हा खेळला, पुन्हा मेला, आणि या वेळी हसला.

त्याच्या मैत्रिणीनं मात्र मला घाम फोडला. ती पाऊणएक तास एकही पायरी चढली नाही. लाकूड गडावर कधी जातं? मोळी कोण तपासतं? भुयारात काय आहे? (नारायण दरवाजापाशी भुयार आहे आणि त्यात भात-नाचणी साठवत, हे खरं.) नाचणीची पोती कोण मोजतं? तिनं मनाशी एक झकास बेत रचला होता: नाचणीच्या पोत्यांबरोबर भुयारापर्यंत जायचं, रात्रभर तिथेच दबा धरायचा आणि दरवाजे आतून पार करायचे. आणि माझ्या खेळात त्या बेताला जागाच नव्हती. मी ठरवलेला बेत एकच, मशालजीच्या वेशात शिरण्याचा. तिनं तो निमूट पार पाडला, पेटी उचलली, जिंकली, आणि म्हणाली, 'काका, बेत तुम्ही केलात. आम्ही नुसत्या पायऱ्या चढलो.'

चोरीच्या खेळावर याहून नेमकं मत मी कुठे वाचलेलं नाही. खेळाडूला खजिना नको असतो. पडद्यावरच्या सोन्याचं तो करणार काय? त्याला बेत हवा असतो, स्वतःचा. तो लेखकानं परस्पर केला की चोरी झाली ती खेळाडूचीच.

ही ओढ खूप जुनी आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'चा तिसरा अंक आठवा. मराठी रंगभूमीवर तो गोविंद बल्लाळ देवलांनी आणला. शर्विलक चारुदत्ताच्या घरी चोरी करायला येतो तो घाईघाईनं आत घुसत नाही. भिंतीपाशी उभा राहून शास्त्र आठवतो: भाजलेल्या विटा असतील तर उपसाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीची भिंत भिजवावी, लाकडाची फोडावी. मग भोकाचा आकार. कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ, असे पर्याय तो आपल्याशी मोजतो आणि पूर्णकुंभ निवडतो. मोजमापाची दोरी विसरलेली, म्हणून गळ्यातल्या जानव्यानंच माप घेतो. हा शुद्ध पर्यायांचा खेळ आहे आणि प्रेक्षक त्यात गुंगतो, कारण प्रत्येक वेळी तोही मनात एक पर्याय निवडत असतो. सकाळी चारुदत्त उठतो तेव्हा आधी काय करतो? भोकाचं कौतुक. कारागिरी चांगली आहे म्हणतो. चोरीच्या खेळावर मत नोंदवणारा आपला पहिला रसिक, आणि तो खुद्द ज्याचं घर फुटलं तो!

अडचण ही की खेळाडूच्या डोक्यातले सगळे बेत लेखकाला आधी सुचणार कसे? याचं सगळ्यांत हुशार उत्तर टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळात सापडतं. जॉन हार्परच्या 2017 च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये खेळाडू बेत न आखताच थेट कामगिरीत उडी घेतात. पुढे कुलूप आडवं आलं की ते म्हणतात, 'याची सोय मी परवाच केली होती,' आणि खेळ क्षणभर मागे जाऊन ती सोय खेळून दाखवतो. थोडी किंमत मोजायची, बस. बेत आधी नव्हताच, तरी अखेरीस तो जन्मभर आखल्यासारखा दिसतो. चोरीचे सिनेमेही हेच करतात: जो बेत प्रेक्षकाला आधी सांगितला तो हटकून फसतो, जो झाकून ठेवला तो तडीस जातो. अँड्र्यू प्लॉटकिनच्या 'स्पायडर अँड वेब' या 1998 च्या खेळानं तर ही चाल उलटवली. तुम्ही पकडले गेलेले हेर आहात, चौकशी चालू आहे, आणि तुम्ही खेळताय ती तुमची जबानी. जबानी पटली नाही की चौकशी करणारा अडवतो: असं नव्हतं झालं, पुन्हा सांगा. खेळाडूला हळूहळू उमगतं की काहीतरी लपवायचंय, आणि ते काय हे त्यालाच शोधायचंय. त्यातल्या निर्णायक क्षणाबद्दल लोक आजही बोलतात. मी तो सांगणार नाही.

एव्हाना कॅशियर काकांची पाळी आली. काकांनी दरवाजे झटपट पार केले, त्यांना त्यात रस नव्हता. कोठीपाशी आले आणि थांबले.

'किल्ली कुणाकडे?'

किल्लेदाराच्या कमरेला, मी म्हणालो. ती तुम्ही मघाशीच लांबवलीत.

'आणि दुसरी?'

बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन अधिकारी, दोघं हजर असल्याशिवाय पैशाला हात नाही. नोकरीत एवढी वर्षं एक किल्ली खिशात घेऊन वावरलेल्या माणसाला एका किल्लीची कोठी ही थट्टाच वाटली. 'नानांसारखा माणूस एकाच माणसावर विसंबेल?' त्यांनी विचारलं. नानांच्या कोठीला खरोखर किती कुलपं होती ते बाजूला ठेवा. पण गोष्टीतला माणूस म्हणून काकांचा नाना माझ्या नानापेक्षा कितीतरी खरा होता. आणि दोन किल्ल्या आल्या की खेळही बदलतो. कुलूप हे कोडं राहत नाही, माणूस कोडं होतो: दुसऱ्या किल्लीवाल्याला तुमच्या बाजूला आणायचं कसं?

काकांनीच पुढचा हिशेब मांडला. त्या काळचा चांदीचा रुपया सुमारे 11 ग्रॅमचा धरा. एक लाख रुपये म्हणजे अकराशे किलो. चांगला गडी 30 किलो घेऊन अंधारात उतरला तर एका खेपेला सत्तावीसशे रुपये. लाख उतरवायला सदतीस खेपा! 'तुमच्या पेटीत नक्की होतं काय?' मोहरा म्हणा, जडजवाहीर म्हणा, हुंड्या म्हणा, मी घाम पुसत म्हणालो. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. मालाचं वजन हा चोरीच्या गोष्टीतला सगळ्यांत दुर्लक्षित खलनायक. लेखक कुलपावर दहा पानं खर्च करतात आणि माल एका ओळीत पळवतात.

तेवढ्यात भाकऱ्या आल्या, आणि मावशींनी खेळावर शेवटचा हातोडा घातला.

'आषाढात विंचूकाट्यावरनं उतरला म्हणता? ओझं घेऊन? रातच्याला?' त्यांनी पिठल्याचं भांडं खाली ठेवलं. 'दादा, शेवाळावर उन्हाचा माणूस उभा राहत न्हाई तिथं.'

भाच्याला माझा शेवट 'एकदम संपवल्यासारखा' वाटला होता. तेही मला कबूल आहे. दोन तासांच्या मर्यादेत लिहिणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं, चढण रंगते आणि उतरण उरकली जाते. पण मावशींच्या मतानं मला दिसलं की शेवट घाईचा नव्हता, खोटा होता. मी गडाला नकाशा समजलो होतो. त्यांना तो पावसासकट माहीत होता.

आणखी एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण खेळ संपल्यावर चौघांपैकी कुणालाच फारसा आनंद झाला नव्हता. लुटलं कुणाला? नवरा गेलेल्या, आसऱ्याला गडावर आलेल्या बाईला. चोरीच्या खेळातला मालक मग्रूर किंवा माजलेला असतो तो उगाच नाही. शर्विलकाचीही हीच गोची होते. चारुदत्ताचं घर गरीब निघतं आणि आता दागिने न्यावेत की नाही असा पेच पडतो. शिवाय मावळात बसून लोहगड 'फोडायचा' म्हणताना जीभ थोडी अडखळते. इथल्या पोरांनी लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींत मूठभर माणसं रात्री गड चढतात ती गड परत घ्यायला. 13 मे 1670 रोजी मराठ्यांनी पुरंदरच्या तहात गेलेला हाच लोहगड परत घेतला होता.

म्हणून दुसरा खर्डा मी उलटा केला. खेळाडू आता गडावरचा कारकून, दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे. बाजीरावाची माणसं पायथ्याशी यायच्या आत पैसा गडाबाहेर काढायचा आहे, तोही जिऊबाईंच्या वतीनं. चोरी नाही, पण चोरीसारखीच. महिना मार्गशीर्ष. वाट विंचूकाट्याची नाही. गाईगुरं आणि लाकडाच्या मोळ्या जातात तीच राजरोस वाट, दिवसाउजेडी, नाचणीच्या पोत्यांतून. खेपा सदतीस नाहीत, नऊ. आणि प्रत्येक खेपेला एकच प्रश्न: दुसऱ्या किल्लीवाल्याला आज काय सांगायचं? खोटं, अर्धं खरं, की सगळं? एखाद्या दरवाजात अडकलात तर भाच्याच्या मैत्रिणीची सोय: मागे जाऊन 'काल मी याच्याशी बोलून ठेवलं होतं' असं म्हणायची तीन वेळा मुभा. चौथ्यांदा नाही.

हा खर्डा मी चौघांना पुन्हा खेळवला. भाचा म्हणाला, आता कुणी मरतच नाही. त्याला ते आवडलं नाही. मैत्रिणीनं सगळ्या मुभा पहिल्या दोन दरवाजांत उधळल्या आणि सातव्या खेपेला अडकली, पण पुन्हा खेळायला मागितलं. पहिल्या खेळाच्या वेळी तिनं ते मागितलं नव्हतं. मावशींनी मार्गशीर्षाला मान डोलावली. काकांनी नऊच्या नऊ खेपा पार पाडल्या, पण समाधान झालं नाही. 'सगळं ठीक,' ते म्हणाले, 'पण रोजकीर्दीत हे दाखवलंत कसं?'

तिसऱ्या खर्ड्यात रोजकीर्द आहे. तुम्हालाही असा खेळ करून पाहायचा असेल तर ख्रिस क्लिमासनं 2009 साली काढलेलं 'ट्विन' हे साधन फुकट मिळतं, देवनागरी त्यात चालते, आणि प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी एका रविवारी पहिली पाच-सहा पानं जोडून होतात. लोहगड नको असेल तर तिकोना आहे, तुंग आहे, राजमाची आहे. फक्त मित्रांना दाखवायच्या आधी खेळ एखाद्या कॅशियरला द्या, आणि गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा.